सत्तर सेकंदांसाठी तीन महिने: ब्रिटनमधल्या धर्मादाय घोडदौडीचं परीक्षण

विनिंग पोस्ट, म्हणजे शर्यत संपते तो खांब, मागे पडला म्हणून घोडा थांबत नाही. ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरने धावणारा साडेचारशे-पाचशे किलोचा थरोब्रेड जातीचा घोडा चालीवर यायला आणखी तीन-चारशे मीटर घेतो, आणि हौशी स्वाराच्या मांड्या नेमक्या तिथेच साथ सोडतात. धर्मादाय शर्यतीत नवखा स्वार पडायची धास्ती शर्यतीआधी सुटायच्या जागी जाताना आणि शर्यत संपल्यावर घोडा आवरताना जास्त असते, मधल्या धावेत त्या मानाने कमी. एवढं ध्यानात ठेवलं की चाचणी, सराव, सामान, खर्च, सगळ्याकडे कसं पाहायचं ते आपोआप कळतं. मैदानावर दिसतात ती सत्तर सेकंदं. मेहनत करायची असते ती त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन मिनिटांसाठी.

हौशी स्वारांनी शर्यतीत उतरून धर्मादाय संस्थांसाठी, जसं जखमी जॉकींना मदत करणाऱ्या इन्जर्ड जॉकीज फंडासाठी, पैसे उभे करायची ही सोय ब्रिटनमध्ये जुनी आहे. रेसकोर्सवर दिवसाच्या अधिकृत शर्यतींच्या आधी किंवा नंतर एक सपाट मैदानावरची शर्यत ठेवतात. तिच्यात व्यावसायिक जॉकी नसतात. घोडे ट्रेनर देतात, स्वार देणग्या गोळा करतात, आणि पैसे ठरलेल्या संस्थेला जातात. राजकन्या अ‍ॅन यांनी १९८७ मध्ये अ‍ॅस्कॉटवर स्त्रियांची अशीच एक शर्यत जिंकली होती. गुडवुडचा मॅग्नोलिया कप २०११ पासून भरतो. तीही स्त्रियांची शर्यत, साडेपाच फर्लांगांची, म्हणजे साधारण ११०० मीटर. २०१९ मध्ये खदीजा मेल्लाह ही लंडनच्या पेकहॅम भागातली अठरा वर्षांची मुलगी ती जिंकली. ब्रिक्स्टनच्या एबनी हॉर्स क्लबमध्ये ती रायडिंग शिकली होती, पण रेसच्या घोड्यावर पहिल्यांदा बसली ती शर्यतीच्या जेमतेम काही महिने आधी. तिचं उदाहरण नेहमी दिलं जातं आणि नेहमी अर्धवटच दिलं जातं. काही महिने पुरले, कारण त्या महिन्यांत सराव नेटाने झाला. आठवड्याला एक धडा घेऊन ते जमत नाही.

निवड करताना एक गोष्ट आधी तपासा. प्रत्येक धर्मादाय शर्यत जखमी जॉकींसाठी नसते. मॅग्नोलिया कपचे पैसे स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांना जात आले आहेत. डॉनकास्टरला २०१० मध्ये सुरू झालेली लेजर लेजंड्स जखमी जॉकींच्या कामासाठी होती, पण तिच्यात निवृत्त जॉकी उतरायचे, बाहेरच्या माणसाला तिथे जागा नव्हती. म्हणून अर्ज भरण्याआधी आयोजकांना सरळ विचारा: पैसे कुणाला जाणार, किती टक्के जाणार, आणि घोड्याचा, विम्याचा, जेवणावळीचा खर्च त्यातून वजा होणार का? चांगले आयोजक हे लेखी देतात. जे देत नाहीत, त्यांच्या शर्यतीत उतरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

हे पैसे ज्या संस्थेसाठी गोळा करायचे, ती म्हणजे इन्जर्ड जॉकीज फंड. तिच्या जन्माची हकीकत माहीत असली की देणगी मागताना जीभ अडखळत नाही. डिसेंबर १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या ऐन्ट्री (Aintree) रेसकोर्सवर टिम ब्रुकशॉ हा जॉकी पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तीन-चार महिन्यांतच, १९६४ च्या ग्रँड नॅशनल या तिथल्याच अडथळ्यांच्या शर्यतीत, पॅडी फॅरेल ‘द चेअर’ या कुंपणापाशी पडला. त्याचाही कणा मोडला. त्याला चार मुलं होती. त्या काळी जॉकीला मिळणारी भरपाई कुटुंब चालवण्याइतकी नव्हती. लोकांनी दोघांच्या नावाने निधी उभा केला आणि त्यातूनच ही संस्था वाढली. जॉन ओक्सी हे तिच्या पायाचे दगड. ते स्वतः हौशी जॉकी होते, १९६३ च्या ग्रँड नॅशनलमध्ये कॅरिकबेगवर बसून दुसरे आले होते, आणि पेशाने पत्रकार. लॅम्बोर्नचं ओक्सी हाउस (२००९) त्यांच्याच नावाचं. पुढे यॉर्कशरमध्ये मॉल्टनला जॅक बेरी हाउस (२०१५) आणि न्यूमार्केटला पीटर ओसलेव्हन हाउस (२०१९) झालं. तिन्ही ठिकाणी फिजिओथेरपी, व्यायामशाळा आणि जॉकीला पुन्हा खोगिरावर बसवण्याची तयारी एकाच छताखाली आहे. शिवाय संस्थेचे मदतनीस जखमी माणसाच्या घरी जातात आणि दारात पायऱ्यांऐवजी उतार हवा का, गाडी बदलायला हवी का, घराचा हप्ता थकलाय का, हे बघतात. आतापर्यंत हजाराहून जास्त जॉकींना आणि त्यांच्या घरच्यांना या संस्थेने हात दिला आहे.

गरज संपलेली नाही. अडथळ्यांच्या शर्यतीत जॉकी साधारण दर पंधरा-वीस राइडमागे एकदा पडतो. सपाट शर्यतीत पडणं खूप कमी, पण वेग जास्त, म्हणून पडला तर मार मोठा. ग्रॅहम ली हा २००४ मध्ये अ‍ॅम्बर्ली हाउसवर ग्रँड नॅशनल जिंकलेला जॉकी. त्याने अडथळ्यांच्या शर्यतींत बरीच वर्षं काढली, २०१२ मध्ये सपाट शर्यतींकडे वळला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूकासलला सपाट शर्यतीत, स्टॉलचं, म्हणजे घोडे सोडायच्या कप्प्याचं, दार उघडल्याबरोबर पडला. मणक्याला इजा झाली. धर्मादाय शर्यती सहसा स्टॉलमधून न सोडता झेंड्यावर सोडतात, यामागचं कारण यावरून समजावं.

आता प्रत्यक्ष सोयीकडे. शर्यतीत उतरायला परवाना लागत नाही, पण चाचणी लागते. न्यूमार्केटची ब्रिटिश रेसिंग स्कूल आणि डॉनकास्टरजवळचं नॅशनल हॉर्सरेसिंग कॉलेज या दोन ठिकाणी स्वाराला तपासतात. घोड्यावर बसवून बघतात, यांत्रिक घोड्यावर बघतात, आणि अंगातली ताकद मोजतात. वैद्यकीय माहिती भरून द्यावी लागते. डोक्याला पूर्वी मार लागला असेल तर तो लपवू नका. तो नियम तुमच्याच जिवासाठी आहे. हा सगळा भाग आम्हाला मनापासून आवडतो, कारण इथे माणसाला नापास करायची हिंमत आहे. पैसे गोळा झालेत, मित्रमंडळी तिकिटं काढून बसलीत, तरी मांड कच्ची असेल तर थांबवतात. जिथे चाचणी नुसती कागदावर उरकतात तिथे जाऊ नये.

रायडिंग येणाऱ्या माणसाचा इथे सगळ्यात मोठा गैरसमज होतो. मुंबईच्या महालक्ष्मीवरच्या अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये किंवा खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेल्या माणसाची मांड चांगली असते, पण ती बसायची मांड. शर्यतीत बसायचंच नसतं. रिकिबी इतक्या आखूड असतात की बूड खोगिराला लागत नाही. पाठ घोड्याच्या पाठीला समांतर, गुडघे दुमडलेले, सगळा भार पावलाच्या पुढच्या गादीवर, आणि टाच खाली. ही बैठक १९०० च्या आसपास रूढ झाली तेव्हा शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या. कारण असं, की अशा बैठकीत जॉकी पायांनी झोका घेत राहतो, घोडा त्याच्या खालून पुढे-मागे होतो, आणि प्रत्येक ढांगेला स्वाराचं वजन ढकलत न्यायचे घोड्याचे श्रम वाचतात. घोड्याचे वाचलेले ते श्रम स्वाराच्या मांड्या, पोटऱ्या आणि कंबर करतात.

नवख्याची ठरलेली चूक म्हणजे गुडघ्याने घट्ट आवळणं. भीती वाटली की माणूस गुडघे दाबतो. गुडघा खिळ्यासारखा होतो, खालचा पाय त्या खिळ्याभोवती मागे सरकतो, आणि धड पुढे कलंडतं. घोडा जरा अडखळला की स्वार थेट मानेवर. उपाय एकच. पोटरी तंगाच्या (खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या) रेषेत किंवा बोटभर पुढे ठेवायची आणि भार टाचेत उतरवायचा. गुडघा नुसता टेकलेला असावा, दाबलेला नको. गुडवुडसारख्या ठिकाणी सरळ ट्रॅकचा बराच भाग उताराचा आहे. तिथे हीच चूक दुप्पट महाग पडते, कारण उतारावर घोड्याचाही भार पुढच्या पायांवर येतो.

हे शिकायचं ठिकाण म्हणजे यांत्रिक घोडा. या सगळ्या प्रकारात पैसे कुठे खर्चावेत असं कुणी विचारलं तर आमचं पहिलं उत्तर हेच. दोन जाती आहेत. एक विजेवर चालणारा, समोर पडदा असलेला, रेसवुड कंपनीचा सिम्युलेटर. तो स्वतः पळतो, वेग वाढवता-कमी करता येतो, आणि शिक्षक बाजूला उभा राहून गुडघा, टाच, हात दुरुस्त करतो. दुसरा इक्विसायझर, लाकडी धडाचा, स्प्रिंगवर बसवलेला, विजेशिवाय चालणारा. फ्रँक लोव्हॅटो या अमेरिकी जॉकीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, पाय मोडून घरी बसावं लागलं तेव्हा, तो बनवला. जखमी जॉकीच्या हातून घडलेलं हे यंत्र आज जखमी जॉकींना उभं करायलाच वापरतात. दोन्हींतला फरक असा: विजेच्या घोड्यावर स्वार नुसता वाहून नेला जाऊ शकतो आणि आपल्याला जमतंय असं त्याला वाटतं. इक्विसायझर स्वाराने हलवला तरच हलतो. म्हणून ढब विजेच्या घोड्यावर शिकावी आणि दम इक्विसायझरवर कमवावा. एकच परवडत असेल तर इक्विसायझर घ्या.

सरावाचं माप असं ठेवा. पहिल्या आठवड्यात रिकिबी रोजच्यापेक्षा फक्त दोन भोकं वर, तीस सेकंद बैठकीत, एक मिनिट विश्रांती, असे सहा फेरे. दर आठवड्याला एक भोक वर. चौथ्या आठवड्यात साठ सेकंदांचे पाच फेरे. आठव्यात दोन मिनिटांचे तीन फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटच्या तीस सेकंदांत हात पुढे-मागे करून घोड्याला रेटणं. बाराव्या आठवड्यात शर्यतीच्या लांबीच्या रिकिबीवर दोन मिनिटं काढता आली, त्यात हात मानेला टेकले नाहीत, आणि लगेच आणखी एक मिनिट अर्धवट उभं राहता आलं, तर तुम्ही तयार. ते शेवटचं मिनिट घोडा आवरण्यासाठी राखून ठेवलेलं असतं. ज्यांच्या सरावात ते नाही, त्यांचा सराव अपुरा. घरी भिंतीला पाठ लावून बिनखुर्चीचं बसणं दीड मिनिट आणि कोपरावरची फळी (प्लँक) दोन मिनिटं जमली पाहिजे. श्वासाकडेही लक्ष द्या. नवखी माणसं बैठकीत नकळत श्वास कोंडतात आणि चाळिसाव्या सेकंदाला पाय भरून येतात. तोंडाने मोठ्याने आकडे मोजले की श्वास कोंडता येत नाही.

यांत्रिक घोडा काय शिकवत नाही तेही सांगायला हवं. तो ओढत नाही, बुजत नाही, शेजारच्या घोड्याला बघून चेकाळत नाही, डोळ्यांत माती उडवत नाही. त्यासाठी तबेल्यात पहाटे जाऊन खऱ्या घोड्यांवर राइड केल्याशिवाय गत्यंतर नाही. शेवटच्या सहा आठवड्यांत आठवड्याला किमान तीन सकाळी, आणि निदान पाच-सहा वेळा तरी तीन-चार घोड्यांच्या घोळक्यात पळवणं, एवढं हवं. न्यूमार्केटच्या तबेल्यांमध्ये आपल्याकडून गेलेले बरेच वर्क रायडर, म्हणजे सरावाला घोडे पळवणारे स्वार, आहेत. त्यांच्या मागे घोडा ठेवून चढावरून कँटर (मध्यम दौड) करत जाणं हा उत्तम धडा. चढावर घोडा आपोआप आवरतो, म्हणून नवख्याची सुरुवात वॉरन हिलसारख्या चढावरच करतात.

घोडा आवरायचा कसा, इथे सगळं अडतं. जोराने ओढलं की रेसचा घोडा थांबत नाही, उलट लगामावर रेलून आणखी पळतो. म्हणून लगामाचा पूल करतात. डाव्या हाताचा लगाम उजव्या मुठीत आणि उजव्याचा डाव्या मुठीत असा एकावर एक घ्यायचा, म्हणजे दोन्ही मुठींच्या मध्ये लगामाची दुहेरी पट्टी येते. ती पट्टी घोड्याच्या मानेवर, आयाळ जिथे संपते त्याच्या पुढे, टेकवून ठेवायची. आता घोडा ओढेल तो स्वतःच्याच मानेला, तुमच्या दंडांना नाही. पूल फार लांब ठेवला तर हात पोटाशी येतात आणि ताबा जातो. फार आखूड ठेवला तर घोडा अडखळल्यावर मान खाली करताना तुम्हाला पुढे ओढून नेतो. दोन मुठींत वीतभर अंतर असावं. शिवाय घोड्याच्या गळ्यात एक साधा चामड्याचा पट्टा बांधून घ्या आणि सुटताना एक बोट त्यात अडकवा. पहिल्या उडीला घोडा खालून निघून जातो. त्या वेळी लगामाला लटकलात तर त्याचं तोंड दुखतं आणि तो डोकं वर फेकतो. पट्ट्याला लटकलात तर काही बिघडत नाही. चाबूक नवख्याच्या हातात नकोच, तोल सांभाळायलाच दोन्ही हात कमी पडतात.

घोडा कोणता मिळतो हे बऱ्याचदा तुमच्या हातात नसतं, पण ट्रेनरला विचारायचे प्रश्न असतात. सुटायच्या जागी जाताना ओढतो का? एका बाजूला झुकतो का? दुसऱ्याच्या मागे शांत राहतो का? पोस्टनंतर आपणहून मंदावतो का? सात-आठ वर्षांचा, अनेक शर्यती पाहिलेला, थोडा मंद घोडा नवख्याला सोन्यासारखा. तीन वर्षांचा चपळ घोडा घेऊन जिंकायची स्वप्नं बघणाऱ्याला ट्रेनरने अडवलं तर त्याचे आभार माना.

सामानात दोन वस्तूंवर काटकसर करू नये. पहिली हेल्मेट. रेससाठी पुढे टोक नसलेली स्कल कॅप लागते, कारण पडताना टोक जमिनीत अडकून मान मुरगळू शकते. तिच्यावर रेशमी टोपी चढवतात. आतल्या लेबलवर पीएएस ०१५, व्हीजी१ किंवा स्नेल यांपैकी चालू मानकाचा शिक्का आणि सोबत काइटमार्क आहे का ते पाहा, आणि त्या शर्यतीला कोणतं मानक लागतं ते आयोजकांकडून आधी विचारून घ्या. कड भुवयांच्या बोटभर वर बसली पाहिजे. पट्टा न लावता डोकं हलवलं तर कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच हललं तर ते सैल. केसांचा अंबाडा मानेवर खाली बांधा, वर बांधलात तर हेल्मेट मागून उचललं जातं. जुनं, दुसऱ्याचं हेल्मेट फुकट मिळालं तरी घेऊ नका. आतला फोम एकदा दबला की बाहेरून काही दिसत नाही आणि दुसऱ्या वेळी तो वाचवत नाही. स्वतःचं असलं तरी एक जोरदार मार बसला की ते टाकायचं.

दुसरी वस्तू बॉडी प्रोटेक्टर. ब्रिटनमध्ये बेटा या संघटनेच्या तीन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीचा सगळ्यात हलका, तो जॉकी घालतात, कारण त्यांना ग्रॅम-ग्रॅम मोजावं लागतं. तिसऱ्या पातळीचा सगळ्यात जास्त झेलतो आणि तो सर्वसाधारण रायडिंगसाठी सांगतात. धर्मादाय शर्यतीत वजनाची तितकी मारामार नसते, म्हणून आयोजकांची हरकत नसेल तर आमचा कल वरच्या पातळीकडे. पण एक अडचण लक्षात घ्या. दुकानात सगळे उभं राहून घालून बघतात, आणि उभं असताना तो अंगाला छान बसतो. शर्यतीच्या बैठकीत वाकलात की जाड प्रोटेक्टरची मागची कड वर सरकून हेल्मेटला मागून धक्का देते, हेल्मेट डोळ्यांवर येतं, आणि पळत्या घोड्यावर समोरचं दिसत नाही. म्हणून दुकानातच हेल्मेट घालून, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून पूर्ण वाका आणि मान वर करून समोर बघा. मानेच्या मागे दोन बोटं जागा उरली पाहिजे. पुढे तो शेवटच्या बरगडीखाली निदान अडीच सेंटिमीटर यावा, मागे खोगिरापासून पंजाच्या रुंदीइतका वर संपावा. फोम उबेने मऊ होतो, त्यामुळे पाच मिनिटं अंगात ठेवून मगच पट्टे शेवटचे आवळा. पडल्यावर फोमला खड्डा पडला आणि अर्ध्या तासात भरला नाही, तर तो भाग कामातून गेला. काही झालं नाही तरी तीन ते पाच वर्षांत बदलावा.

बाकीचं थोडक्यात. बूट गुळगुळीत तळाचे, कारण खाचांचे रबरी तळ रिकिबीत अडकतात. रिकीब बुटापेक्षा एकंदर अडीच सेंटिमीटर रुंद. ओल्या मैदानावर गॉगल दोन, एकावर एक, वरचा मातीने भरला की गळ्यात ओढायचा. हातमोजे पकडीचे. आणि यातलं काहीही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचं नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मैदान पायी चालून बघा. जमीन कुठे खणली गेलीय, पोस्टनंतर वळण किती लांब आहे, बाहेर निघायची वाट कुठे आहे. विशेषतः पोस्टनंतरचा भाग. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, खोगिरावर चढवल्यावर लगाम घेण्याआधी रिकिबी बघा. मग सुटायच्या जागेकडे जाणं. मैदान दिसलं की घोडा तापतो. लगाम आखूड, मुठी खाली, घोड्याच्या खांद्यांमधल्या उंचवट्याशी टेकलेल्या, आणि पुढच्या घोड्याच्या शेपटीमागे नाक. इथे शर्यत लावणारा स्वार स्वतःची ताकद संपवतो. सुटायच्या जागी गोल फिरताना मदतनीस तंग पुन्हा तपासतात, तोवर उतावीळ होऊ नका. तिथवर येता-येता घोड्याचं पोट आत जातं आणि तंग एक-दोन भोकं सैल पडलेला असतो. तो तसाच राहिला तर खोगीर मागे किंवा बाजूला सरकतं. छातीपट्टा आणि वरून दुसरा तंग आहे याची स्वतः खात्री करा.

शर्यतीत सरळ रेषेत राहणं हे तुमचं पहिलं काम, कितवे येता ते नंतर. पोस्ट ओलांडल्यावर लगेच उभं राहू नका. आणखी शंभर मीटर आहे त्याच बैठकीत जा, मग कंबर थोडी वर, टाचा थोड्या पुढे, पूल तसाच, आणि ओढ-सोड, ओढ-सोड. सलग ओढ नाही. भरधावीतून कँटर, कँटरमधून दुडकी, दुडकीतून चाल. सगळ्यात धोक्याची पायरी कँटरमधून दुडकीवर येण्याची. आखूड रिकिबीवर उभ्या दमलेल्या स्वाराला दुडकीचे धक्के सहन होत नाहीत, तोल जातो. त्या क्षणी गळ्याचा पट्टा किंवा आयाळ धरायला अजिबात लाजू नका. आणि कितीही आनंद झाला तरी चाल येईपर्यंत हात हवेत नाही.

देणग्यांचं गणित. ब्रिटनमध्ये आयकर भरणारा देणगीदार गिफ्ट एडवर खूण करतो तेव्हा त्याच्या एका पौंडाचे संस्थेला सव्वा पौंड मिळतात. ती खूण करायला प्रत्येकाला आवर्जून सांगा, बरेच जण विसरतात. सोडतीच्या तिकिटाला किंवा जेवणाच्या कुपनाला ही सवलत नसते, म्हणून शुद्ध देणगी वेगळी मागा. भारतातल्या नातेवाइकांना परदेशी संस्थेला दिलेल्या पैशांवर इथल्या ८०जी ची वजावट मिळत नाही, हे आधीच सांगून टाका. सामान, प्रवास, यांत्रिक घोड्याचे धडे हा खर्च स्वतःच्या खिशातून करा आणि देणगीच्या पानावर तसं लिहा. देणारा ‘याच्या हौसेला मी का पैसे देऊ’ असं मनात विचारतो, त्याला हे उत्तर मिळालं पाहिजे. आणि ‘जखमी जॉकींसाठी’ एवढंच लिहून थांबू नका. मॉल्टनच्या फिजिओथेरपीसाठी, न्यूमार्केटच्या व्यायामशाळेसाठी, असं लिहा. लोक जागेचं नाव वाचून देतात.

आमचा निवाडा असा. चाचणी आणि शिकवणी या दोन बाबतींत ही सोय उत्तम आहे, आणि ज्याला घोड्याची मनापासून ओढ आहे त्याने उतरावं. वेळेच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरू शकते. सहा आठवड्यांत तयार करतो असं कुणी म्हटलं, तर पूर्वी पळत्या घोड्यांवर काम केलेल्या माणसाव्यतिरिक्त इतरांनी नाही म्हणावं. ज्यांचा गुडघा किंवा कंबर पूर्वीची दुखरी आहे, ज्यांना आठवड्याच्या तीन पहाटे काढता येत नाहीत, त्यांनीही. त्यांना याच संस्थेसाठी दुसरे रस्ते आहेत. तिची नाताळची कार्डं वर्षानुवर्षं विकली जातात आणि त्यातून चांगली रक्कम उभी राहते. किंवा चौकात एक इक्विसायझर मांडून दहा जणांनी पाळीपाळीने, प्रत्येकी दोन मिनिटं, असा दिवसभर तो पळता ठेवायचा आणि मिनिटामागे देणगी घ्यायची. दोन मिनिटं बैठकीत काढून उतरलेल्या माणसाला पाय थरथरत असताना पेटी पुढे केली, की तो जॉकीसाठी हात आखडता घेत नाही.